कोटातले दादा

झरीच्या नर्मदाबाईंना कुठलीही गोष्ट आधी दादांच्या कानावर घातल्याशिवाय पचत नसे. म्हैस व्याली, जावेनं टोमणा मारला, सोयाबीनचा भाव पडला, सगळं देवघराशेजारच्या फोटोपुढं उभं राहून सांगायचं आणि मगच चहाला आधण ठेवायचं. फोटोतले दादा बापडे काय बोलणार? पण त्यांच्या भुवया अशा होत्या, की समोरच्याला वाटावं, पटलंय यांना. थोरल्या लेकीचं स्थळ या भुवयांनीच पसंत केलं होतं. जावई चांगला निघाला, म्हणून बाईंचा विश्वास आणखी वाढला.

दादा म्हणजे त्यांचे वडील, सूर्यभान. नर्मदाबाई पाळण्यात असतानाच ते तापानं गेले. त्याआधी थोडेच दिवस परभणीच्या उरसात त्यांनी हौसेनं फोटो काढून घेतला होता. तो आणायला मागाहून चुलते गेले आणि पाकीट घेऊन आले. फोटोत दाट मिशा आणि काळा कोट. कोट फोटोवाल्याचाच, त्या साली निम्मा जिल्हा त्याच एका कोटात साहेब होऊन गेला असेल. फोटो बघून भावकी जरा बुचकळ्यात पडली, तर चुलते म्हणाले, कोटात माणूस वेगळाच दिसतो. आई काहीच बोलली नाही. तिनं काचेवर कपाळभर रुंद गंध लावलं, ते पुढं रोज लावत गेली आणि काचेला ओलं फडकं लावायचं नाही असा दंडक घातला. म्हातारपणी एकुलत्या एक लेकीकडं झरीला राहायला आली, तीही हा फोटो काखेत मारूनच. आई गेली, दंडक राहिला.

यंदा नात सृष्टीनं गावात जुन्या फोटोंचं आणि पोस्टकार्डांचं प्रदर्शन भरवायचं मनावर घेतलं. मारुतीच्या सभामंडपात दोऱ्या बांधून तिनं सगळं टांगलं. पोस्टकार्डं लोकांनी वर्षानुवर्षं तारेला टोचून ठेवलेली, त्यामुळं प्रत्येकाच्या पोटात भोक. एका कार्डावर होतं, ‘बैलगाडी देवगाव फाट्यावर पाठवणे, सोबत’ आणि पुढं नेमकं भोक. सोबत कोण, याचे गावानं जे तर्क लढवले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. दादांचा फोटो नर्मदाबाईंनी कुरकुरतच दिला आणि वर खुर्ची टाकून स्वतः शेजारी बसल्या. राखणीला.

तिथं त्रिवेणी आली. ती किराणा दुकानदाराची सून, माहेर पालमचं, लिंगायताचं. फोटोसमोर ती उभीच राहिली, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि वडिलांना पाठवला. दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून भीमाशंकर, म्हणजे तिचे वडील, टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम घेऊन हजर. टॉवेल सोडला, तर तोच कोट, त्याच मिशा, त्याच भुवया. फरक एवढाच, की त्यांच्या फोटोतल्या अप्पांच्या, म्हणजे भीमाशंकरांच्या वडिलांच्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे स्वच्छ होते.

मंडपात कुणी हसलं नाही. नर्मदाबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा पदराचं टोक ओलं करून त्यांनी काच पुसली. गंधाचा थर गेला, खाली तीन पट्टे.

फोटो मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसल्या. पहिली आठवली ती आई. नवऱ्याचा चेहरा तिला ओळखू आला नसेल? लेकीला बाप हवा म्हणून ती रोज सकाळी बोटानं हे पट्टे झाकत राहिली, एका शब्दानं बोलली नाही. बाईंना तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले.

शेवटी त्यांनी फोटो भीमाशंकरांपुढं केला. “घिऊन जावा. तुमचा माणूस हाय.”

भीमाशंकरांनी हात मागं घेतले. “राहू द्या, अक्का. अप्पांनी जित्तेपणी आमचं एक आयकलं न्हाई. तुमचं सारा जनम आयकलं. तुमच्याकडंच बरे हायेत ते.”

आता मात्र मंडप हसला. हसू ओसरल्यावर त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. अप्पा फोटो घ्यायला गेले तेव्हा गर्दीत फोटोवाल्यानं त्यांना आधी भलत्याचाच फोटो दिला होता. त्यांनी भांडून तो परत केला आणि आपला काही सापडेना, म्हणून नवा काढून घेतला. तो परत केलेला पुढं कुठं गेला, देव जाणे. पण तो चेहरा अप्पा विसरले नाहीत. मरेपर्यंत गमतीनं सांगायचे.

“काय सांगायचे?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“म्हणायचे, पोरगाच व्हता एक. आन् हसत व्हता. फोटूत कोण हसतंय त्या वक्ताला? सगळे फाशी दिल्यावानी उभे. ह्यो मात्र सगळे दात दाखवून हसायलाय. अप्पा म्हणायचे, नुकतं लेकरू झालं आसल गड्याला.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, ते सृष्टीलाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी भीमाशंकरांना हाताला धरून घरी नेलं, जेवू घातलं, आणि दरसाल यायचं कबूल केल्याशिवाय उठू दिलं नाही.

पाहुणे गेले. फोटो परत खिळ्यावर आला, काच लख्ख. बाई चुलीशी गेल्या, परत आल्या, दाराशी घुटमळल्या. एवढी मोठी बातमी पोटात, आणि आता सांगायची कुणाला? थोड्या वेळानं त्या सवयीनं फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“दादा, आज लय गंमत झाली. तुमी माझे दादा न्हाई म्हणं. माझे दादा हसरे व्हते. तुमी तेवढं मनाला लावून घिऊ नका.”