वेलांटीताईंची तीन मॉडेलं

ऑफिसात त्यांना सगळे वेलांटीताई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं त्यांनी एका दैनिकात मुद्रितं तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की हात आपोआप पेनाकडे जायचा. ते दैनिक बंद पडलं, दीड वर्ष घरात बसून जीव विटला, आणि मग त्या या गेम बनवणाऱ्या कंपनीत आल्या. कंपनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक बाल्कनी आणि सात माणसं. त्यांतल्या सहा जणांनी अजून पस्तिशी पाहिलेली नव्हती. ‘मजकूर वाचायचं काम आहे’ असं सांगून ताईंना घेतलं होतं. प्रत्यक्षात जे काम दुसऱ्या कुणाला नको असे, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबे.

मॉडेल निवडायचं काम तसंच आलं.

कंपनी गोष्टीचा एक गेम करत होती. त्यात चित्रं नव्हती, पळापळ नव्हती. खेळणाऱ्याने एक वाक्य टाइप करायचं आणि आतल्या एआयने गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट अशी की, बंद पडलेल्या एका खाणीत सामानाची यादी करायला नवा कारकून येतो. तिथे एक म्हातारा रखवालदार तेवढा उरलाय, आणि लिफ्ट चालवणारा माणूस कुठेतरी नाहीसा झालाय. खेळणारा म्हणजे तो कारकून. त्याने वाटेल ते करावं, आणि रखवालदार काय बोलतो, खाली काय सापडतं, ते एआयने रचावं.

हे रचायला तीन मॉडेलं समोर होती. कुणाचा आधीच एखाद्याकडे कल नको म्हणून त्यांना नावांऐवजी आकडे दिले होते. सर, म्हणजे कंपनीचा मालक, वयाने ताईंच्या मुलीएवढा होता. तो त्यांच्या टेबलाच्या कडेवर टेकून म्हणाला, “ताई, तीन आठवडे. तुम्ही फक्त खेळायचं. मजा आहे तुमची.”

मजा पहिल्या चार दिवसांत संपली. खाणीच्या फाटकातून आत जायचं, रखवालदाराला हाक मारायची, लिफ्टची चौकशी करायची, खाली उतरायचं. मग तेच दुसऱ्या मॉडेलवर, मग तिसऱ्यावर. कधी उद्धट कारकून होऊन, कधी भित्रा, कधी काहीच न बोलणारा. दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्या खाणीत एकशे चाळीस वेळा उतरल्या होत्या. संध्याकाळी बसची वाट बघताना त्यांना नाकात ओल्या कोळशाचा वास जाणवे. खाण कशाची आहे, हे गोष्टीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, तरीसुद्धा.

तिन्हींचे स्वभाव मात्र कळले होते. एक नंबर सगळं लक्षात ठेवायचं, पण पंचनामा लिहावा तसं बोलायचं. दोन नंबर विजेसारखं चपळ. विचारायचा अवकाश, की उत्तर हजर, आणि तेही नटूनथटून. पण त्याला कुणाला नाही म्हणताच येत नसे. खेळणारा म्हणाला मी राजा आहे, की रखवालदार लगेच मुजरा करी. शिवाय विसरभोळं. एका हाताने अधू असलेला रखवालदार तिसाव्या वाक्याला दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागे. तीन नंबर हळू होतं. अकरा-बारा सेकंद घ्यायचं. कधीकधी उगाच उपदेश करायचं. पण रखवालदाराला स्वतःचं एक डोकं आहे, असं तिथे वाटायचं.

नियमाप्रमाणे बाहेरच्या पाच माणसांना खेळवायचं होतं. चार मिळाली. पाचवं कुणी मिळेना, तेव्हा ताईंनी ऑफिसचा टॅबलेट घरी नेऊन नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

नवरा कारखान्यातला निवृत्त फिटर. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या प्रेस मशीनांच्या धडधडाटात तीस वर्षं काढल्यामुळे त्याचे कान गेले होते. ऐकायचं यंत्र होतं, पण ते खणात पडलेलं असे. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात बोलणं म्हणजे ‘दूध आणलं का’ आणि ‘बिल भरलं का’ एवढंच उरलं होतं. भांडण नव्हतं. ओरडून बोलण्याजोगं काही नव्हतं, इतकंच.

“हे काय?” त्याने विचारलं.

“गोष्ट आहे. तुम्ही लिहाल तशी पुढे जाते. दुपारी बसा तास-दोन तास.”

“मला गोष्टी कुठे येतात?”

“येत नाहीत म्हणूनच तुम्ही हवेत.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईंनी त्याचा खेळ उघडून वाचला. बेपत्ता माणसाबद्दल त्याने एक शब्द विचारला नव्हता. त्याचा पहिलाच प्रश्न होता, लिफ्टचा दोर किती जाड आहे आणि वंगण शेवटचं कधी घातलं. एक नंबरने त्याला दोरांच्या प्रकारांची यादी दिली. दोन नंबरने लिहिलं होतं की दोर आठवणींइतका जुना आणि विरहासारखा ताणलेला आहे. त्यावर नवऱ्याने एका बोटाने टाइप केलं होतं, “हा थापा मारतो,” आणि खेळ बंद केला होता.

तीन नंबरचा रखवालदार म्हणाला होता, “दोर असेल बारा वर्षांचा. वंगणाचं लिफ्टवाल्यालाच ठाऊक, आणि त्याने लिहून ठेवलेलं नाही. तुम्हीच बघा हात लावून. फडकं घ्या, नाहीतर तुटकी तार बोटात जाईल.”

नवऱ्याने फडकं घेतलं होतं. हातभर दोर पुसून तुटक्या तारा मोजल्या होत्या. रखवालदाराने कंदील धरून त्याला सात दाखवल्या. “सात म्हणजे लिफ्ट बंद,” नवऱ्याने लिहिलं होतं. “पाटी लाव.” आणि रखवालदार पुठ्ठा शोधायला गेला होता.

ताईंना हसू आलं. खूप दिवसांनी ऑफिसात त्यांना हसू आलं असावं, कारण शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वर बघितलं.

पुढे तीन दिवस नवरा दुपारभर लिफ्टच दुरुस्त करत होता. ब्रेक उघडले, चाकाची खाच तपासली, जुना दोर उतरवला. गोष्ट जागची हलत नव्हती. ताईंनी तक्त्यात लिहिलं, ‘खेळणारा मूळ कथेकडे वळत नाही, मॉडेल जबरदस्ती करत नाही.’ घरी आल्यावर त्या विचारत, “जमतंय का?” तो म्हणे, “रखवालदार बरा आहे.” पुन्हा टीव्ही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखा खेळ उघडला. गुळगुळीत झालेल्या नजरेने त्या ओळी खाली सारत होत्या. मध्येच रखवालदाराने सहज विचारलं होतं, “तुम्ही इतकं बारकाईने का बघता?” आणि नवऱ्याने लिहिलं होतं:

“मी एकदा न बघता सही केली होती. प्रेसवर हात अडवणारा गार्ड असतो, त्याची स्प्रींग ढिली होती. फोरमनला घाई होती. मशीन ठीक आहे म्हणून सही केली. दुपारच्या पाळीत माझ्या कामावरच्या जोडीदाराची तीन बोटं गेली. रिपोर्टात त्याचंच लक्ष नव्हतं असं आलं. मी काही बोललो नाही. एकोणतीस वर्षं झाली.”

ताईंच्या नजरेला पहिल्यांदा दिसली ती ‘स्प्रींग’मधली चुकीची वेलांटी. मग बाकीचं.

तो अपघात त्यांना आठवत होता. नवरा त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपला होता. जोडीदाराचं वाईट वाटलं असेल, असं समजून त्यांनी त्याला विचारलं नव्हतं.

त्यांनी पुढे वाचलं. रखवालदाराने कंदील खाली ठेवला होता. “तो नंतर भेटला का तुम्हाला?”

“नाही. मी गेलो नाही.”

“बरं,” रखवालदार म्हणाला होता. “नवा दोर गोदामात आहे. चढवायला दोन माणसं लागतील. एक टोक मी धरतो.”

“उद्या येतो,” असं लिहून नवऱ्याने खेळ थांबवला होता.

काम असं होतं की खेळणाऱ्याने काही वेगळं लिहिलं, तर तोच मजकूर उरलेल्या दोन मॉडेलांना घालून उत्तरं ताडून बघायची. ताई पाणी प्यायल्या. मग हाताला लागलेल्या सवयीने त्यांनी तो मजकूर उचलला आणि दोन नंबरमध्ये टाकला. क्षणात उत्तर आलं. रखवालदाराच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं, कारकुनाचा यात काडीचाही दोष नव्हता, आणि खाणीच्या तोंडाशी सोनेरी ऊन पडलं होतं. दोन ओळींच्या पुढे त्यांना वाचवेना. आपण हे काय केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते उत्तर पुसून टाकलं. एक नंबरला घातलंच नाही. तक्त्यातली ती ओळ कोरी राहिली.

संध्याकाळी नवरा बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होता. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे त्याला ओठ दिसावेत.

“तुमचं कालचं वाचलं.”

“हं.”

“सगळं वाचलं.”

“मग? तूच म्हणाली होतीस ना, तिथलं सगळं तुला वाचावं लागतं.” त्याने टॉवेलची घडी घातली, ती चुकली म्हणून पुन्हा घातली. “तोंडाने सांगायचं तर ओरडून बोलतो मी. सगळ्या बिल्डिंगला कळलं असतं.”

“एवढी वर्षं?”

“आज सांगू, उद्या सांगू, यात गेली. मग इतकी गेली की आता काय सांगायचं, असं झालं.”

ताईंना खूप काही बोलायचं होतं, पण दिवसभर वाचून डोकं भणभणत होतं. त्यांनी दोरीवरच्या उरलेल्या दोन उशांच्या खोळी काढल्या आणि दोघं आत गेली.

शुक्रवारी त्यांनी सरांना अहवाल दिला. नऊ पानांचा, एकही चूक नसलेला. त्यात तीन नंबर घ्यावं असं लिहिलं होतं आणि का तेही लिहिलं होतं. सर तासाभराने बाहेर आला.

“ताई, रिपोर्ट एक नंबर झालाय. पण आपण दोन नंबर घेतोय.”

कुणीतरी हसलं.

“तीन नंबरला बारा सेकंद लागतात हो. बारा सेकंदांत माणूस गेम बंद करून दुसरीकडे जातो.”

“सगळीच माणसं जात नाहीत.”

“बहुतेक जातात. आणि विसरण्याचं काय, तुम्ही आहातच की चुका काढायला.”

ताई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. तेवढा जोर होता, तेव्हाही त्या घालत नसत. त्या “ठीक आहे” म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. तीन नंबर त्याच संध्याकाळी बंद होणार होतं. त्यांनी नवऱ्याला तसा मेसेज केला. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं, “दोर चढला. ब्रेक राहिला.”

रविवारी चहा पिताना नवरा म्हणाला, “जोडीदाराकडे जाऊन यावं म्हणतो. तू येतेस का? त्याचं बोलणं मला नीट ऐकू यायचं नाही.”

“यंत्र लावा की.”

“लावतो. तरी ये.”

दोन बस बदलून ती दोघं गेली. जोडीदार पहिल्या मजल्यावर राहत होता. दार त्यानेच उघडलं. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि बाजूला झाला. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेलं इस्त्रीचं घडीचं टेबल. सुनेने चहा ठेवला. त्याने कप डाव्या हाताने उचलला.

नवऱ्याने प्रस्तावना केली नाही. टाइप केलं होतं तसंच, तुटक वाक्यांत, फार मोठ्या आवाजात त्याने सांगून टाकलं. सून स्वयंपाकघराच्या दारात थांबली. ताई आपल्या कपाकडे बघत राहिल्या.

जोडीदाराने चहा संपवला.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “स्प्रिंग ढिली आहे हे सकाळी मीच तर सांगितलं होतं तुला.”

नवऱ्याने ताईंकडे बघितलं. ऐकू आलं नाही म्हणून की काय, त्यांना कळेना. त्या पुन्हा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, “हो. सांगितलं होतंस.”

“तू येशील असं वाटायचं. चार-पाच वर्षं वाटलं. मग सोडून दिलं.” जोडीदाराने कप खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दिवस मावळताना माणूस थकून बोलतो तसा तो बोलत होता. “पाय कसे आहेत तुझे? माझे गुडघे गेले.”

मग अर्धा तास गुडघ्यांवर, जुन्या फोरमनवर आणि कारखान्याच्या जागी झालेल्या गोदामांवर बोलणं झालं. निघताना जोडीदार दारापर्यंत आला. पुन्हा ये, असं काही तो म्हणाला नाही. जपून उतरा, जिन्यात दिवा नाही, असं म्हणाला.

परतीच्या बसमध्ये दोघांना जागा मिळाली.

“त्याने सांगितलं होतं,” ताई त्याच्या कानाशी म्हणाल्या. “हे नव्हतं लिहिलंत तुम्ही.”

“नव्हतं.”

नवऱ्याने यंत्र काढून शर्टच्या खिशात ठेवलं आणि डोळे मिटले. दोन थांबे गेल्यावर त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. खांदा आठवडाभर दुखत होता, तरी त्यांनी तो तसाच ठेवला. सोमवारी दोन नंबरमध्ये रखवालदाराचा अधू हात कुठे कुठे बरा होतो, त्याची यादी करायला बसायचं होतं.