ऑफसाईड आणि आटपाडीचे मेंढके

“ऑफसाईड! अरं, ऑफसाईड हाय म्हंतोय न्हवं!”

सुभेदार गळ्यातली शिट्टी विसरून तोंडानंच ओरडत होते. आवाज असा की पलीकडच्या शिवारातल्या विहिरीचं पाणी हाललं. मी बॉल गोलात घालून दोन्ही हात वर करून उभा. माझा तिसरा गोल, आणि तोही रद्द!

सत्तर सालानंतरची गोष्ट. कोरेगावजवळच्या आमच्या गावात सुभेदार फौजेतून परतले ते ट्रंकेत फुटबॉल घेऊनच. आमचे अकरा गडी जमले, पण समोर कोण? तर ऊस निघालेल्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायला आलेले आटपाडीकडचे मेंढके. सुभेदारांनी त्यांनाच उभं केलं आणि आम्हाला बजावलं, “आज गोल करंल त्यो पुढच्या रविवारी सांगलीत खेळंल.” मला सांगली गाठायचीच होती. मी खेळायला निघालोय हे पाव्हण्यारावळ्यांना, झालंच तर गोठ्यातल्या म्हशींनाही सांगून बसलो होतो.

माझी रीत सोपी. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा मी. सामना सुरू होताच त्यांच्या गोलकीपरशेजारी जाऊन उभा राहिलो. त्याच्या चंचीतला तंबाखू खाल्ला, त्याच्या सासरवाडीची चौकशी केली. बॉल आला की आत ढकलायचा, बस्स.

“गड्या,” सुभेदार म्हणाले, “तुला बॉल देत्यात तवा तुझ्या अन् गोलाच्या मधी त्येंची दोन मानसं पायजेत. गोलकीपर अन् आनिक एक.”

“आवं, पन मी तर कवाधरनं हितं उभा हाय!”

“म्हनूनच.”

मग मी त्यांच्या शेवटच्या गड्याच्या दोन पावलं अलीकडं उभा राहिलो. बॉल आला, परत शिट्टी! हे कसं? मी खेळ सोडून बघतच राहिलो. त्यांचा पटकेवाला म्हातारा मागं उभा होता. आमच्या गड्यानं पाय उचलला की तो जिभेनं ‘ट्र्रर्र’ करायचा, आणि तो धरून त्यांचे मागं राखणीला असलेले चौघंही एकदम चार पावलं पुढं. मी एकटाच मागं.

“म्हातारबा, ह्यो खेळ कवा शिकलासा?”

“आज सकाळी. बॉल मारताना कोन कुटं हाय, येवडंच बगायचं. तू मेंढरावानी मागं ऱ्हातूस, त्येला आमी काय करावं?”

डोक्यात उजेड पडला तो असा की भरदुपारी मला डोळे मिचकवावे लागले. बॉल माझ्यापाशी पोचतो तेव्हाचं बघतच नाहीत, तो निघतो तेव्हाचं बघतात!

आता मी चांगला दहा पावलं अलीकडं थांबलो. ‘ट्र्रर्र’ झालं, ते पुढं आले, तरी मी अजून त्यांच्या अलीकडंच. आमच्या गड्यानं बॉल मारला आणि मी सुटलो. माझ्या वाऱ्यानं म्हाताऱ्याचा पटका सुटून पार बांधावर गेला. पुढं बॉल, गोलकीपर आणि मी. शिट्टी नाही! खरंच नाही? मान वळवून मी सुभेदारांचं तोंड बघितलं. बंद होतं. मी ते डोळे भरून बघत होतो, तेवढ्यात बॉल माझ्या पायाशेजारून घरंगळत गोलकीपरच्या हातात गेला. सामनाही तिथंच संपला.

मी सुभेदारांना गाठलं. “आवं, ह्या खेपंला ऑफसाईड न्हवतं न्हवं?”

“न्हवतं.”

“नियम लय पक्का कळला बगा मला. मग सांगलीला न्हेनार न्हवं?”

“न्हेतो. ऑफसाईड दावायला लायनीवर झेंडा धर.”