हरकतीसह मुदत

शिमग्यानंतरची तारीख: जबाबदार, वकिलांची दाढ. अक्षय्यतृतीयेनंतरची: जबाबदार, वकिलांचा बैल, जो कर्जतच्या अलीकडेच बसला. श्रावणातली: जबाबदार, उल्हास नदी. दिवाळीनंतरची: जबाबदार, स्वतः मुन्सफ, कारण त्यांनी आधीच्या तिन्ही सबबी खऱ्या मानल्या. माझ्या प्रतिपक्षाच्या वकिलांसारखा मुदत मागणारा पुरुष कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊ नये, अशी माझी लेखी मागणी आहे.

दावा सरळ होता. खालापुराजवळच्या माझ्या भातखाचरांतून ठाकूरवाडीची माणसे झऱ्यावर पाण्याला जात. ती वाट बंद व्हावी, एवढेच माझे म्हणणे. जमीन माझी, कागद माझे, कायदाही माझाच. वाडीला दुसरे पाणी नव्हते हे खरे, पण ते कोणत्याही कलमात बसत नाही. निकाल लागेपर्यंत वाट उघडी ठेवावी असा कोर्टाचा हुकूम होता, आणि निकाल लागूच नये यासाठी या गृहस्थांनी आपली सारी विद्वत्ता वेचली. कैफियत दाखल करण्यास ते मुदत मागत, कारण कैफियतीत लिहिण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते. दाढदुखीच्या तारखेस ते गालाला फडके बांधून येत. ते सकाळी डाव्या गालाला असे, तर दुपारी उजव्या. ही विसंगती मी अर्जाने कोर्टाच्या नजरेस आणली, तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "दुखणे फिरते आहे, साहेब." त्यावर मुदत मिळाली.

पुकारा होण्यापूर्वी चष्म्यावर फुंकर घालीत ते न चुकता माझ्याकडे येत.

"अण्णासाहेब, आपली हरकत असेलच?"

"आहेच."

"उत्तम. हरकतीवाचून मुदत अळणी लागते." मग मोसमाप्रमाणे करवंदांचा नाहीतर बोरांचा द्रोण पुढे येई. "घ्या. वाडीने फी दिली आहे. आपल्याच वाटेने आली आहेत."

मी निषेध नोंदवून खात असे.

गेल्या माघातल्या तारखेस ते आले नाहीत. वाडीची एक म्हातारी पुढे झाली. "वकीलबाबा पडलं, साहेब. वाचा गेली त्यांची. आमाला काय बोलाया येत नाय."

"त्यांच्या वतीने रीतसर अर्ज करणारा कोणी आहे?" मुन्सफांनी विचारले.

कोणी नव्हते. त्या गृहस्थांच्या वकिलीतली पहिली खरी सबब, आणि ती मांडायला नेमके तेच हजर नव्हते. एकतर्फी निकाल माझ्या हातात आला होता. मी उठलो.

"प्रतिवादींस मुदत मिळावी."

मुन्सफांची लेखणी थांबली. "वादीची हरकत नाही, असे लिहू?"

"हरकत आहेच. हरकतीसह मुदत द्यावी."

बाहेर म्हातारीने गाठले. "बाबा, वाट चालू का बंद?"

"चालू. पुढच्या तारखेपर्यंत."

"मंग वकीलबाबा बी आसंच सांगायचं," ती म्हणाली आणि चालू लागली.

संध्याकाळी मी वकिलांच्या घरी जाऊन कोर्टातली हकीकत सांगितली. ती त्यांनी अंथरुणावरून ऐकून घेतली. मग चालता होता तो एक हात उचलून त्यांनी डावा गाल धरला, आणि थोड्या वेळाने, सावकाश, उजवा. मला हसू आवरेना. त्यानंतर काही वेळ समोरचे नीट दिसेना.

कर्जत-खालापूरच्या समस्त वकीलवर्गास माझा सवाल आहे: वाडीचे वकीलपत्र कोण घेतो? उत्तर जाहीर द्यावे. तारीख जवळ आली आहे, आणि एका वादीने दोन्ही बाजूंनी किती काळ उभे राहावे?