टकटक करणारी हार्ड डिस्क

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्यात आमच्या घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा वडिलांना मी सांगितलं की ताईच्या टायपिंगसाठी लागतो. मला हवा होता गेम खेळायला. पैसे बेताचे आणि घरात जाणकार मी एकटाच. बरेचसे पैसे मी ग्राफिक कार्डात घातले. हार्ड डिस्क मात्र जुन्याच घ्यायच्या ठरवल्या, कारण नव्या एकीच्या पैशात जुन्या दोन येत होत्या.

जुने पार्ट विकणारे चाचा डिस्क चालू करून तिच्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. पहिली ऐकून म्हणाले, "ही बिलकुल बराबर हाय." दुसरी जरा जास्त वेळ ऐकली. "ही टकटक करून राह्यली. हिच्यात गेम ठेव. कामाचं काही ठेवू नको, कधी बी जाईल." मूठ माझ्याही कानाला लावली. टकटक स्पष्ट ऐकू येत होती.

घरी येऊन मी नेमकं उलटं केलं. मित्रांच्या हातापाया पडून मिळवलेले गेम चांगल्या डिस्कवर टाकले आणि ताईला दुसरी दाखवून म्हणालो, "ही पूर्ण तुझी." ती हरखून गेली. घरात तिच्या एकटीचं असं तोवर काहीच नव्हतं.

त्याच महिन्यात क्लास चालवणाऱ्या एका सरांनी तिला वहीत हातानं लिहिलेला दहावीचा प्रश्नसंच टाइप करायला दिला. नीट झाला तर पुढची सगळी कामं तिलाच मिळणार होती. दोन महिने ती स्वयंपाक उरकून बसायची. फ्लॉपीवर उतरवून ठेवू का, असं तिनं एकदा विचारलंही. फ्लॉप्यांवर माझे गेम होते. "काही होत न्हाई," मी म्हणालो.

चार पानं राहिली असताना डिस्क गेली. सर चिडले नाहीत. वही घेऊन गेले आणि काम दुसरीकडं दिलं. वडिलांनी विचारलं, "कशानं झालं?" मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "माझ्याच हातून झालं. लाइट गेल्ती तवा मी चालूच ठेवला व्हता." मग माझ्याकडं वळली. "तुझा कॉम्प्युटर मी बिघडवला रे. रागावू नको."

"जाऊ दे," मी म्हणालो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्यासी आपणहून पुढं आला आणि चोरानं त्याला माफी दिली. सांगायची लाज वाटते, पण त्या संध्याकाळीही मी गेम खेळलो.

ताईनं पुन्हा कीबोर्डला हात लावला नाही. लग्न होऊन ती तीर्थपुरीला गेली. काही वर्षांनी तिथल्या शाळेत कॉम्प्युटर आले आणि टायपिंग येणारी बाई हवी होती. मास्तर घरी विचारायला आले, तेव्हा मी तिथंच चहा पीत बसलो होतो.

"मला न्हाई जमायचं," ताई म्हणाली. "माझ्या हातानं बिघडतं. विचारा माझ्या भावाला."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.