रॅमला हळदीकुंकू

यवतजवळच्या आमच्या गावात वाढदिवसाचे फ्लेक्स घरच्या कॉम्प्युटरवर मी बनवतो. पुढाऱ्याचा फोटो एकच असतो, खालचे शुभेच्छुक मात्र दरवर्षी वाढतात. एखाद्याचा चेहरा दिसला नाही, की तो विरोधी गटाला मिळाला असं गाव धरून चालतं.

सोसायटीचे चेअरमन आप्पा हे माझं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्याच शब्दावर मला बाकीची कामं मिळतात. यंदा त्यांचे निम्मे शुभेच्छुक बसवून होईपर्यंत कॉम्प्युटरनं मान टाकली. त्याची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, गेली होती. मी ऑनलाइन नवी मागवली. ती वाढदिवसाच्या आदल्या दुपारी हायवेवरच्या ढाब्यावर येऊन पडली, कारण कुरिअरवाला गावात येत नाही. ढाबेवाल्यानं खोकं आधीच उघडून बघितलं होतं.

"एवढीशी पट्टी व्हय? मला वाटलं काय मोठं हाय," तो म्हणाला. त्याची निराशा अगदी खरी होती.

घरी मी कॉम्प्युटर उघडून धूळ झटकत होतो, तेवढ्यात आईनं पट्टी देवापुढं नेली. "नवी वस्तू हाय. तशीच कशी घालायची?" आमचा ट्रॅक्टर, मोटार, मिक्सर सगळे या विधीतून गेलेत, म्हणून मी वाद घातला नाही. पट्टी बसवली, बटण दाबलं. पडदा काळा, आतून नुसती पिपाणी.

पट्टी काढून पाहिली, तर जोडणीची सोनेरी कड लालपिवळी झालेली. ओल्या बोटानं हळदीकुंकू लावलेलं.

"सोन्यावाणी दिसली, म्हणून तिथंच लावलं," आई म्हणाली. मला खरोखर राग आला. "ट्रॅक्टर चालला की," असं वर तिनं ऐकवलं.

खोडरबरानं कड घासत बसलो. मध्येच मोबाइलवर आप्पांच्या आणखी शुभेच्छुकांचे चेहरे येत होते. अखेर कॉम्प्युटर सुरू झाला. घाईघाईनं एकेक शुभेच्छुक बसवला आणि फ्लेक्स छापायला धाडला.

सकाळी चौकात आप्पा बराच वेळ फ्लेक्स न्याहाळत राहिले.

"समदे हायत. तू कुठं हायेस?"

माझा चेहरा मी शेवटी बसवायचा ठेवला होता. तो राहिलाच. मी हसत हसत रॅमची न् कुंकवाची हकीकत सांगितली. कुणीच हसलं नाही. आप्पा गाडीत बसून निघून गेले.

दुपारी विरोधी गटाच्या पुढाऱ्याचा फोन आला. "आमच्याकडं आलात, लई बरं केलं. चेहरे धाडतो."