सरावातलं उत्तर

दुपारी मी मेथी निवडत बसले होते आणि आतल्या खोलीत माझी लेक केतकी लॅपटॉपसमोर इंग्रजी बोलायचा सराव करत होती. ती नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. लॅपटॉपमधल्या आवाजाने विचारलं, म्हातारपणी कुठे राहायला आवडेल? ती न अडखळता म्हणाली, तिकडेच, इथे परत यायचा विचार नाही. एवढं इंग्रजी मला कळतं.

ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "खरंच परत येणार नाहीस?"

"अगं आई, सरावाचं उत्तर आहे ते. वाक्य बरोबर आलं म्हणजे झालं."

"मग खरं काय ते मराठीत सांग."

ती माझ्याजवळ बसली आणि मेथीची पानं खुडू लागली. परक्या भाषेत मनातलं बोलणं सोपं जात असेल. ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटणार नसतं. आपल्या भाषेत मात्र समोर आई बसलेली असते.

आत लॅपटॉपमधला आवाज पुढचा प्रश्न विचारून थांबला होता. केतकी उठली नाही, आणि मीही माझा प्रश्न पुन्हा विचारला नाही.