आमचे डनव्हेगन व्याही

माझी अशी फजिती झाली की सांगायची सोय नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आमच्या सायलीनं इयान नावाचा अमेरिकन मुलगा पसंत केला. त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला, जेवायला येणार होते. माझ्या हातून काही चुकलं आणि पोरीचं लग्न फिसकटलं तर? धास्तीच घेतली मी.

म्हणून आधी इयानच्या आईला, मार्गरेटला, फोन केला. माझ्या इंग्रजीत विचारलं, "तुम्ही मूळचे काय?" विचारायचं होतं 'कुठले', तोंडातून निघालं 'काय'.

ती म्हणाली, "डनव्हेगन. आजोबांपासून."

आता सांगा, दूधतूपही न खाणाऱ्या व्हीगनला आपण मराठी माणसं व्हेगनच म्हणतो की नाही? आणि डन म्हणजे पक्कं. म्हणजे हे पक्के व्हेगन, तेही तीन पिढ्यांचे!

झालं. घरातलं दूध, दही, तूप सगळं शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. पुरणपोळ्या तेलावर, श्रीखंड काजू वाटून.

"आई, तूप कुठंय?"

"नाव काढू नकोस. त्यांच्यात चालत नाही."

"अगं, इयान माझ्यासमोर चीझ पिझ्झा खातो."

"पोरं बाहेर खातातच. घरी सांगतात का? तू गप्प बस."

जेवताना मी आपुलकीनं मार्गरेटला म्हटलं, "डनव्हेगन असून अमेरिकेत राहणं कठीण जात असेल."

ती म्हणाली, "वडिलांनी लहानपणीच सोडलं होतं. म्हातारपणी एकदा परत गेले, तर ढसाढसा रडले."

"रडणारच," मी म्हटलं. "त्या वयात लोणी सोडायचं म्हणजे काय."

मार्गरेटनं नवऱ्याकडे पाहिलं. मग मोबाइलवर फोटो दाखवला. समुद्र, किल्ला, मेंढ्याच मेंढ्या. "हे डनव्हेगन. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचं आमचं गाव. डन म्हणजे किल्ला. आजोबांच्या दारात गाई होत्या, लोणी घरचंच."

सायलीला ठसका लागला. माझा घास तोंडातच राहिला.

मार्गरेट हळूच म्हणाली, "तुमच्यात दूधतूप चालत नाही, हे आलं लक्षात. लग्नातलं जेवण तसंच ठेवू."

लग्नातलं! म्हणजे लग्न ठरलं की हो. अशा वेळी तुम्ही खरं बोलला असता? मी म्हटलं, "थँक यू."

आता नात चालायला लागलीय. मार्गरेटकडे गेलं की ती मला अजून बिनदुधाचा काळा चहा देते. एकदा भिडेपोटी छान झालाय म्हणाले, तेव्हापासून दोन कप देते.